मागच्या दाराची वही

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे. जन्मतः नव्हता, पण झाला. वीस वर्षं खरं तेवढंच पोटात साठवायचं आणि ऐन वेळी कुणी आपल्याला उघडूच नये, असं तुमच्या बाबतीत झालं तर तुमचंही डोकं फिरेल.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरांत तालुक्याएवढी हेन्सली काउंटी आहे. तिथल्या लहानशा तुरुंगासाठी माझा जन्म झाला. त्या वर्षी एका माणसाला तुरुंगातून सोडलं की सोडलंच नाही, यावरून कोर्टात सकाळभर वाद झाला होता. सुट्या चिठ्ठ्यांवर सगळा कारभार चालायचा आणि नेमकी तीच चिठ्ठी कुणी कॉफीच्या कपाखाली ठेवून नंतर फेकून दिली होती. न्यायाधीशांनी जेलरला भर कोर्टात झापलं. जेलर त्याच दुपारी बांधणीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "फाडता येणार नाही अशी वही दे." म्हणून माझे पुठ्ठे जाड, त्यांवर हिरवं कापड, कोपऱ्यांना लाल चामडं, आणि आत शिवलेली सहाशे पानं.

प्रत्येक पानावर सात रकाने होते. तारीख, वेळ, नाव, कुणाच्या हुकमाने, कुठल्या दाराने, कुणाच्या ताब्यात, आणि शेरा. यातला पाचवा आणि सहावा रकाना महत्त्वाचा, नीट लक्षात ठेवा. आमच्या तुरुंगाला दारं दोन. पुढच्या दाराने गेलेला माणूस घरी जातो. मागच्या दाराने गेलेला माणूस दुसऱ्या काउंटीच्या गाडीत बसतो, कारण तिकडेही त्याच्या नावावर काहीतरी जुनं प्रकरण निघालेलं असतं. आमच्या दृष्टीने दोघेही सुटलेच. आमच्या तुरुंगातलं जेवण दोघांचंही बंद झालं. पण एक जण सुटला आणि दुसरा नुसता हलवला, हा फरक फक्त माझ्या पानावर होता.

माझ्यात लिहायचं काम एस्टिल नेपिअर नावाच्या शिपायाकडे होतं. उंच, वाकलेला, कानात केस असलेला माणूस. अक्षर शाळकरी पोरासारखं गोल आणि सरळ. माणूस दाराबाहेर पडेपर्यंत तो पेन उघडायचा नाही आणि लिहून होईपर्यंत जागचा हलायचा नाही. शेऱ्याच्या रकान्यात तर त्याला कुणी सांगितलेलं नसायचं तेही तो लिहायचा. 'बूट फाटके, माझे जुने दिले.' 'आईला भेटायला घाई.' 'न जेवता गेला.' इतर शिपाई त्याची टर उडवायचे.

"काय रे एस्टिल, कादंबरी लिहितोस काय?"

"तुझं नाव त्यात येणार नाही एवढं बघ," एस्टिल म्हणायचा.

माझे चांगले दिवस होते ते. वकील यायचे, बायका यायच्या, एकदा खुद्द न्यायाधीश आले आणि त्यांनी उभ्या उभ्या माझं पान वाचलं. "वहीत आहे ना? मग विषय संपला," असं ते म्हणाले. मी महिनाभर फुगून होते.

मग संगणक आला. त्याबद्दल मला आकस नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आकस आहे! त्याला सात रकाने नव्हते. नाव घातलं की पुढे एकच शब्द उमटायचा: 'सुटका'. पुढचं दार असो वा मागचं, घर असो वा गाडी, त्याच्या लेखी सगळं सारखंच. लोकांनाही ते घरबसल्या पाहता येऊ लागलं आणि सगळ्यांना वाटलं, केवढी सोय झाली! वर आणखी एक खुबी होती. सुटकेनंतर तीस दिवसांनी ते नाव यादीतून आपोआप गळून पडायचं.

एस्टिलने मात्र मला सोडलं नाही. "यंत्राला दार दिसत नाही," म्हणायचा आणि लिहीत राहायचा. असं आठ वर्षं चाललं. जूनच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त झाला. कार्यालयात केक कापला, त्याला मासेमारीची काठी दिली, आणि दुसऱ्या दिवशी मला पुढच्या खोलीत नेलं. मला वाटलं, आता कपाटात मानाची जागा मिळणार. कसली जागा! तिथल्या छापायच्या यंत्राचा एक पाय आखूड होता. त्या पायाखाली मला सरकवलं आणि यंत्र डुगडुगायचं थांबलं. सगळे खूश झाले.

आता मुख्य गोष्ट सांगते.

एक जुलैच्या सकाळी खिडकीशी एक बाई आली. व्हर्ना साइझमोर तिचं नाव. पन्नाशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले. तिचा धाकटा भाऊ रेनी आमच्याकडे पंचेचाळीस दिवस होता. त्याला फिट्स यायच्या, म्हणून गाडी चालवायचा परवाना रद्द झालेला, तरी पठ्ठ्याने गाडी चालवली आणि आत आला. सत्तावीस जूनला, शुक्रवारी, तो सुटणार होता. व्हर्ना सकाळी आठपासून पुढच्या दाराशी उभी होती. हातात धुतलेला शर्ट, डब्यात घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव, पर्समध्ये फिट्सच्या गोळ्या. दुपारी दोनला तिने आत येऊन विचारलं, तर संगणकाने सांगितलं: सुटका. तेव्हापासून ती रेनीला शोधत होती.

खिडकीमागे केलीन बसायची. पंचविशीची, स्वभावाने वाईट नाही, पण फोन, दरवाजाची घंटा आणि टपाल हे सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात.

"व्हर्नाबाई, शुक्रवारीच सांगितलं ना तुम्हाला? तो सुटलाय."

"अगं पण मी दारात होते! माझ्या नाकासमोरून तो कसा सुटेल? अदृश्य होऊन?"

"मला पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच मी सांगणार ना, ताई."

"मग ज्याला दार दिसतं त्याला विचार."

"ते एस्टिलकाका होते. ते कालच निवृत्त झाले."

मित्रांनो, मी तिच्यापासून दोन हातांवर होते. रेनीचं नाव माझ्या शेवटून दुसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत होतं. 'सकाळी ६:५०. मागचं दार. पेल्हम काउंटीच्या गाडीत, शिपाई हॉज यांच्या ताब्यात. शेरा: फिट्स येतात असं तोंडी सांगितलं. पाकीट आपल्याकडेच राहिलं. बहिणीची वाट बघत होता.' दोन वर्षांपूर्वी पेल्हममध्येही तो परवान्याशिवाय गाडी चालवताना सापडला होता आणि कोर्टाच्या तारखेला गेलाच नव्हता. म्हणून ते त्याला घेऊन गेले. व्हर्ना पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा तिचा भाऊ मागच्या दाराने जाऊन तास उलटून गेला होता.

हे मला ठाऊक होतं. आणि मी यंत्राखाली पडून होते.

त्या महिन्यात व्हर्नाने किती हेलपाटे घातले म्हणून सांगू! तिच्या मनाने घेतलं होतं की रेनी लाजेने डोंगरात गेला आणि कुठेतरी फिट येऊन पडला. सकाळी शाळेच्या मैदानामागचा ओढा, दुपारी कोळशाच्या बंद खाणीकडचा रस्ता, आणि मध्ये आमची खिडकी, असा तिचा दिवस. तिच्या चपलांना ओढ्याचा चिखल असायचा. ती गेली की केलीन फरशी पुसून घ्यायची.

एकदा ती थेट जेलरसाहेबांकडे गेली. लोनी टॅकेट त्यांचं नाव. आमच्याकडे जेलर मतांवर निवडून येतो, त्यामुळे ते हात सगळ्यांचा हातात घेतात.

"हे बघा व्हर्नाताई, सज्ञान माणूस आहे. सुटला, गेला असेल मित्रांकडे. येईल की दोन दिवसांत."

"साहेब, त्याला मित्र असते तर मी कशाला आले असते?"

"लेखी अर्ज करा. कायद्याने नोंद मागायचा हक्क आहे तुम्हाला. मी स्वतः लक्ष घालतो."

तिने अर्ज केला. 'रेनी साइझमोर याच्या सुटकेची नोंद मिळावी.' कामाचे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी उत्तर छापलं गेलं. कशावर? माझ्या डोक्यावर बसलेल्या त्याच यंत्रावर! ते घरघरलं, हललं, आणि त्याने एक कागद बाहेर टाकला. त्यावर होतं: 'सुटका. सत्तावीस जून.' खाली जेलरसाहेबांची ऐटदार सही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला बोट असतं तर मी त्या यंत्राचा दुसरा पायही आखूड केला असता.

व्हर्नाने कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. "एवढंच?"

"तुम्ही सुटकेची नोंद मागितली होती," केलीन हळूच म्हणाली.

"मी माझा भाऊ मागितला होता गं."

ऑगस्ट उजाडला तशी आणखी एक गंमत झाली. तीस दिवस उलटले होते. व्हर्ना आली, केलीनने नाव घातलं आणि तिचा चेहरा उतरला.

"व्हर्नाबाई... या नावाचं आता कुणीच दिसत नाही."

व्हर्ना ओरडली नाही. तिने खिडकीच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि ती तशीच उभी राहिली. मागे रांगेत एक माणूस होता, तो आपलं काम सोडून बाहेर गेला. मला तेव्हा राग आला नाही. मला रडू आलं, आणि कागदाला रडूही परवडत नाही.

त्याच आठवड्यात एस्टिल आला. वहीसाठी नव्हे हं! आमच्याकडे ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या परसात खाऊन संपणार नाहीत इतके टोमॅटो लागतात आणि जो तो पिशव्या घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारत हिंडतो. एस्टिलही कागदी पिशवी घेऊन केलीनकडे आला होता. व्हर्ना बाकावर बसली होती. कशाला बसली होती कोण जाणे, विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

"कोण गं ती? साइझमोरांची व्हर्ना ना?" एस्टिलने विचारलं. "रेनी कसा आहे? पेल्हमवाल्यांनी सोडलं का त्याला?"

व्हर्ना उठली.

"काय म्हणालात?"

"पेल्हम. मागच्या दाराने नेला त्याला. मी लिहिलंय की. वही कुठाय?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "केलीन, माझी वही कुठाय?"

केलीनने यंत्राखाली बोट दाखवलं. मग ती पुटपुटली, "मला वाटलं ती जुनी... कोरी वगैरे असेल."

"कोरी!" एस्टिलने यंत्राला खांदा लावला आणि मला बाहेर ओढलं. यंत्र कलंडलं, कागद भुईभर झाले, कुणी उचलले नाहीत. त्याने पान काढलं. व्हर्नाने सहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटचे शब्द मोठ्याने वाचले. "बहिणीची वाट बघत होता." मग ती खाली बसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती आमच्यासमोर रडली.

"एस्टिलकाका, पाच आठवडे हे इथं होतं?"

"मला कुणी एक फोन केला असता, पोरी," एस्टिल म्हणाला.

केलीनने पेल्हमच्या तुरुंगात फोन लावला. तिकडूनही एका मुलीचा आवाज आला. "साइझमोर? हो. नऊ जुलैला सुटका."

"कुणाबरोबर? कुठल्या दाराने? कुठे गेला?" केलीनने विचारलं. तिच्या तोंडी हे प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकले.

"ते माझ्या पडद्यावर येत नाही, ताई."

तिकडे माझ्यासारखी वही नव्हती. व्हर्ना आणि एस्टिल त्याच दुपारी त्याच्या जुन्या मालवाहू गाडीतून निघाले. पाच तासांचा रस्ता. पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर खिडकीशी सांगितलं. दोन दिवस ते दारोदार विचारत फिरले. शेवटी एका तंबाखूच्या शेतावर रेनी सापडला. सुटल्या दिवशीच रस्त्यावर फिट येऊन पडला होता, हात मोडला होता, पुढचे दोन दात गेले होते. शेतकऱ्याने घरी नेऊन ठेवला. खिशात पाकीट नाही, लिहिता धड येत नाही. त्याला पाठ होता तो एकच फोन नंबर, घरचा, आणि ती जोडणी व्हर्नाने वसंतातच बंद केली होती. रोज संध्याकाळी तो तोच नंबर फिरवायचा म्हणे. शेतकऱ्याच्या बायकोने त्याला विचारलं, की बहीण रागावली असेल का? तर तो म्हणाला, "नाही, ती दारात उभी असेल."

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. वहीने माणूस शोधून दिला, वहीला कपाट मिळालं, लोक येऊन पानं उलटू लागले, झालं. पण माणसांना कौतुकसुद्धा धड करता येत नाही.

गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. नोव्हेंबरात निवडणूक होती. जेलरसाहेबांनी मला हातात धरून फोटो काढला, मी जणू त्यांनीच लिहिली होती. मग पुढच्या खोलीत जुन्या बेड्या आणि जुन्या जेलरांच्या तसबिरी ठेवलेलं काचेचं कपाट आहे, त्यात मला मांडलं. शेवटून दुसरं पान उघडून, रेनीच्या ओळीवर लाल फीत लावून, खाली पाटी: 'हेन्सली काउंटी आपल्या माणसांना विसरत नाही.' कपाटाला कुलूप घातलं आणि चावी साहेबांच्या जुडग्यात गेली. बाकीची पाचशे नव्व्याण्णव पानं? ती माझ्याच वजनाखाली मिटलेली.

गेल्या सोमवारी कॉय ब्रँडनबर्ग नावाचा माणूस खिडकीशी आला. टोपी हातात, टक्कल, मवाळ आवाज. अठरा वर्षांपूर्वी आमच्याकडे दहा दिवस होता, आता त्याला इस्पितळात पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती. अर्जात विचारलं होतं, सुटका कुठल्या तारखेला? तारीख चुकली तर खोटं बोलला असं धरणार. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.

"संगणकात तीस दिवसांपलीकडचं काही दिसत नाही हो, काका," केलीन म्हणाली. मग तिने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे. या वेळी तिला कळलं होतं. "वहीत असेल. पण चावी साहेबांकडे आहे आणि साहेब प्रचाराला गेलेत."

"कधी येतील?"

"आले की जातात."

तेवढ्यात व्हर्ना आली. बरोबर रेनी, हात गळ्यात बांधलेला. त्याचं पाकीट घ्यायला आले होते. रेनीने काचेतून स्वतःचं नाव बघितलं आणि तो बिनदातांचं हसला. व्हर्ना हसली नाही. तिने कॉयचं बोलणं ऐकलं होतं. तिने काचेवर टकटक केलं, माझ्याच कपाळावर केल्यासारखं.

"हे काय केलंत गं? पुन्हा बंद?"

"मी सांगितलं होतं साहेबांना," केलीन म्हणाली. "ते म्हणाले, हाताळून खराब होईल."

व्हर्ना कॉयच्या शेजारी बाकावर बसली. "काका, कागद घ्या. 'सुटकेची नोंद' असं लिहू नका, तेवढंच देतील. लिहा, हिरव्या वहीचं पान उलटून, सातही रकान्यांची नक्कल द्यावी. दार कुठलं, तेही मागा. मी चार आण्याची अक्कल पाच आठवड्यांत शिकलेय."

त्याने तसंच लिहिलं. केलीनने शिक्का मारला आणि साहेबांच्या फोनवर निरोप ठेवला. मग दुसरा ठेवला. मंगळवारी तिसरा. बुधवारी तिने कुलपात केसाचा आकडा घालून पाहिला, तो वाकला.

आज गुरुवार आहे. कॉय सकाळपासून बाकावर बसलाय, टोपी गुडघ्यावर ठेवून. व्हर्ना शाळेतून थेट इकडे आलीय, त्याच्यासाठी डबा घेऊन. कॉयची ओळ माझ्या त्र्याहत्तराव्या पानावर आहे. एकोणीस मे, सकाळी नऊ वीस, पुढचं दार. शेऱ्यात एस्टिलने लिहिलंय, 'निघताना सगळ्यांचे आभार मानले.' ते त्याला दिसत नाही. तो रेनीचं पान वाचतोय, पुन्हा पुन्हा, दुसरं काही वाचायला नाही म्हणून.

मित्रांनो, जुन्या वह्यांची काळजी घ्या असं मी सांगणार नाही. माझी फार काळजी घेतली जातेय, धूळसुद्धा बसत नाही. मला उघडा, एवढंच मागते. मळू द्या, कोपरे दुमडू द्या, एखादं पान फाटलं तरी चालेल. आणि तुमचं कुणी आत असेल तर 'सुटला' एवढ्यावर घरी परत जाऊ नका. कुठल्या दाराने, कुणाबरोबर, ते विचारा, आणि सांगेपर्यंत उठू नका.

उद्या शुक्रवार. जेलरसाहेबांना कुठे पाहिलंत, सभेत, चर्चच्या जेवणात, कुणाचाही हात हातात घेताना, तर त्यांच्या जुडग्यातली लहान पितळी चावी मागून घ्या. कॉय अजून बसलाय.